तीन बोटं

मोसलेम, जाताना तू सांगून गेलास:
हात पाण्यात सरळ सोड.
पाणी कोपराला लागलं की तळवा दिसेनासा व्हावा.
आधीच दिसेनासा झाला तर शेण थांबव,
कोपर बुडूनही दिसत राहिला तर पेंड घाल.
बस, एवढंच शास्त्र.
आणि गेलास क्वालालंपूरला,
कुठल्याशा अठराव्या मजल्यावर सळया बांधायला.

मी अगदी तसंच केलं.
तळं उपसलं, गाळ भेगाळेपर्यंत वाळवला,
शतांशाला किलोभर चुना,
मग बोअरचं पाणी, शेण, भिजवलेली मोहरीची पेंड.
पाचव्या दिवशी पाण्याला रंग आला.
पेला भरून उन्हात धरला,
तर सुईच्या टोकाएवढे जीव
आत झटके देत पोहत होते.
बीजाचा पहिला घास तयार होता.

साबण नि डिझेलचा तवंग सोडला आदल्या दिवशी,
उलटे पोहणारे किडे श्वासाला वर आले आणि गेले.
चतुराच्या अळ्या मी चाळणीने वेचल्या.
रुमकी म्हणाली, अम्मा, हे मोठे होऊन
उडणार होते ना?
हो म्हटलं, आणि वेचत राहिले.

तोराब चाचाकडून पाव किलो जिरं आणलं रोहूचं.
पिशव्या तळ्यात तरंगत ठेवल्या
पाण्याला पाण्याची ओळख पटेपर्यंत,
मग तोंडं सोडली.
त्यानंतर रोज सकाळी हात बुडवायचा.
कोपर आणि तळवा,
कोपर आणि तळवा.
बरोबर असायचं रे.
बायका बांधावर थांबून म्हणायच्या,
जयतूनचं तळं बघा कसं दाट हिरवं!
मलाही खूप आवडायचं ते हिरवं.

मग तीन दिवस आभाळ झाकलेलं.
पाऊस नाही, वारा नाही, केळीचं पानसुद्धा हललं नाही.
चौथ्या पहाटे आवाजाने जाग आली.
आवाज तरी कसला,
भिजत घातलेले तांदूळ
बुडबुडे सोडतात तसा.
टॉर्च मारला: सगळं तळं
तोंडांनी भरलेलं, वर, हवेकडे.

तू पाटील घेऊन रात्रीच्या गाडीने जायचास आठवतं?
अ‍ॅल्युमिनियमच्या त्या भांड्यात स्टेशनामागून स्टेशन
हाताने पाणी थापटत,
हात थांबला की बीज मेलं म्हणायचास.
मी कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि थापटलं.
एका तळ्याला किती हात लागतात
ते तू कधी बोलला नव्हतास.
रुमकीने फांदी धरली, सासूबाईंनी घमेल्याने
पाणी उचलून उचलून टाकलं.
चाचाचा पंप आला तेव्हा सात वाजले होते
आणि बगळे आधीच बांधावर बसले होते.

निम्मं गेलं. मच्छरदाणीने गोळा केलं मी.
ओल्या पिठासारखं लागतं हाताला.

मत्स्य खात्याच्या शिउलीबाई आल्या,
दोरीला बांधलेली काळीपांढरी थाळी घेऊन.
थाळी सोडली, दोरीवरचं माप पाहिलं,
म्हणाल्या, फार दाट झालंय.
ही हिरवाई दिवसा श्वास वाटते,
रात्री मोजून परत घेते,
आणि ऊन नसेल तर वाटायलाही येत नाही.
मी म्हटलं, मी रोज मापलं, कोपरापर्यंत.
त्या थाळीकडे नाही,
माझ्या हाताकडे बघत राहिल्या.

रात्री तुझा चौकड्याचा शर्ट काढला ट्रंकेतून.
कोपराशी विरलेली जागा
माझ्या कोपरावर धरली.
बाहीचं टोक माझ्या बोटांच्या पुढे गेलं,
मोजलं, तीन बोटं.

तीन बोटं हिरवं
मी रोज जास्त ठेवत होते, मोसलेम,
तुझ्या हाताचं माप
माझ्या हाताला लावून.

आता कोपराच्या वर तीन बोटांवर
काळा दोरा बांधलाय. पाणी दोऱ्याला लागेपर्यंत
तळवा दिसायला हवा.
उरलेलं बीज करंगळीच्या पेराएवढं झालंय,
पेंड टाकली की कोपऱ्यात पाणी उकळतं नुसतं.
बायका विचारतात, नजर लागली का गं कुणाची?
मी म्हणते, हो, माझीच.

पैसे पाठवशील तर पंपाचे पाठव.
शर्ट मी परत ट्रंकेत ठेवलेला नाही.